मोमीन गल्लीतला खड्डा

धामणखेड्याच्या पोटात कुठून कुठं पाईप गेलेत हे सांगणारा नकाशा नगरपंचायतीत नव्हता. जमील होता.

अठ्ठावीस वर्षं तो गावाला पाणी सोडत आला होता. ग्रामपंचायत होती तेव्हापासून, म्हणजे गावात मोजून साठ नळ होते तेव्हापासून. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, खिशात पाना आणि तारेचं भेंडोळं. तो ज्या गल्लीच्या तोंडाशी वाकला, त्या गल्लीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन उंबऱ्यात येत. उन्हाळ्यात पाणी आठव्या दिवशी. आठव्याचा नववा झाला की शिव्या त्यालाच. विहीर आटो, पंप जळो, वीज जावो, शिव्या त्यालाच. चावीच्या वजनानं त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. सदरा शिवताना शिंपी त्या बाजूला बोटभर कापड कमी धरायचा.

त्या एप्रिलात नाशिकहून उज्वला मॅडम आल्या. धरणातून थेट पाणी आणायची मोठी योजना होती. धामणखेडं आणि वाटेवरची सतरा गावं, सगळ्यांची मिळून एकच. आराखडा करायचं काम एका खासगी कंपनीकडं होतं आणि मॅडम त्या कंपनीच्या इंजिनिअर. तिशीच्या, डोक्याला टोपी, पायात बूट, हातात पाटीएवढा टॅब. आराखडा आजच्या गावाचा नसतो, तीस वर्षांनंतरच्या गावाचा असतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जमीलला सांगितलं. आज गाव अकरा हजारांचं. कागदावर ते एकोणीस हजारांचं झालं होतं.

"म्हंजे जे अजून जन्मलेच नाय, त्यांचंबी पाणी धरलंय?" जमीलनं विचारलं.

"धरावंच लागतं, चाचा. माणशी, रोजचं."

"रोजचं," जमील म्हणाला आणि हसायला लागला. मॅडमनाही हसू आलं.

पाच दिवस दोघं उन्हातून फिरली. जमील पायानं जमीन ठोकायचा आणि सांगायचा. इथं सिमेंटचा चार इंची, तीन फुटांवर. इथं लिंबाच्या मुळाला वळसा घालून गेलाय, सरळ रेघ मारू नका. हा व्हॉल्व्ह वर्सानुवर्सं अर्धाच फिरतो, पूर्ण फिरवला तर मान तुटंल. मॅडम प्रत्येक जागेवर टॅब धरून उभ्या राहायच्या, टुक असा आवाज यायचा. पाचव्या दिवशी त्यांनी सगळं गाव काचेवर निळ्या रेघांनी काढलेलं दाखवलं. जमील बराच वेळ बघत राहिला. आपलं डोकं उघडून कुणीतरी आतलं बाहेर मांडलंय, असं त्याला वाटलं. त्या दिवशी तो घरी ताठ मानेनं गेला.

नगरपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम मनोज बघायचा. पोरगा वाईट नव्हता. चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झालेली, टेबलावर कायम दोन फोन. योजनेची फाईल वरून दोनदा परत आली होती. एकदा खर्च जास्त म्हणून, एकदा गावानं घालायचा हिस्सा गावाला झेपत नाही म्हणून. आता तिसऱ्यांदा पाठवायची होती आणि त्यासाठी मनोजनं गल्ल्यांची एक यादी केली होती. या गल्ल्यांत पाईप सुस्थितीत आहेत, बदलायची गरज नाही. यादीत मोमीन गल्ली होती.

"चाचा, तुमच्याच गल्लीचंय. बोला, चांगली हाय ना लाईन?"

"चांगलीये की. माझ्याच दारावरून गेली. पीव्हीसी टाकलेला हाय." जमीलनं मॅडमसमोर ठणकावून सांगितलं.

"तरी प्रत्येक गल्लीत एक खड्डा घेऊन बघावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "फोटो लावायचा असतो. एकदा सुस्थितीत लिहिलं की तीस वर्षं त्या गल्लीकडं कुणी बघणार नाही."

"घ्या की," मनोज म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहाला मोमीन गल्लीच्या तोंडाशी, जमीलच्या दारापासून चार घरं अलीकडं, चिमाजीनं टिकाव मारला. चिमाजी नगरपंचायतीचा खड्डे घेणारा माणूस. वीस वर्षं तो आणि जमील जोडीनं काम करत होते. मुरूम टणक होता. टिकाव उलटा उडायचा. दोन फुटांवर मात्र माती एकदम मऊ लागली. चिमाजीनं फावडं घातलं तर ते लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि वर काळं आलं. वासानं मॅडम एक पाऊल मागं सरल्या.

शेजारची गटार खालून फुटलेली होती. किती वर्षांपासून कोण जाणे, तिचं पाणी आत झिरपून मातीचा काला झाला होता. त्या काल्यातून पाईप गेला होता. चिमाजीनं हातानंच त्याच्यावरचा गाळ पुसला. पाईपाला वीतभर लांबीत सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली होती आणि ट्यूबवर तार.

चिमाजीनं तारेवरून बोट फिरवलं आणि वर जमीलकडं बघितलं. बघून लगेच मान खाली घातली.

तार दुहेरी पिळलेली होती आणि तिचं टोक आत दुमडलेलं. पुढं कुणी हात घातला तर टोचू नये म्हणून. गावात असं टोक दुमडणारा माणूस एकच होता.

जमीलला आधी आठवेना. मग सगळं एकदम आठवलं. आठ वर्षांपूर्वी रोजे ऐन मे-जूनच्या उन्हात आले होते. पाईपाचा जोड सुटला होता. ऑफिसात मागितला तर नवा जोड शिल्लक नव्हता. तेव्हाचा साहेब म्हणाला होता, येवल्याहून मागवू. गल्लीत पाणी येऊन दहा दिवस झालेले. आणि त्याच्या घरी इन्शा आली होती. त्याची थोरली, घोटीला दिलेली, सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोटुशी पोर तहानेली राहील, म्हणून तोंडात पाण्याचा थेंब नसताना भर दुपारी त्यानं हा खड्डा एकट्यानं घेतला, ट्यूब गुंडाळली, तार आवळली. ईद झाली की नवा जोड टाकू. गल्लीला पाणी आलं, बायकांनी दुवा दिली. ईद झाली, पाऊस लागला. मग इन्शा आजारी पडली आणि त्यानंतर जमीलला काही आठवायचंच राहिलं नाही.

मॅडम खड्ड्याशी उकिडव्या बसून फोटो काढत होत्या.

"हे फार वाईट आहे, चाचा. पाणी चालू असतं तेव्हा ते बाहेर गळतं, तेवढंच. पण इथं आठ दिवस बंद असतं ना? लाईन रिकामी झाली की ती आत ओढते. म्हणजे गटारातलं ओढते. आणि पुन्हा पाणी सोडलं की पहिलं तेच घरात जातं." त्या उठल्या. "या गल्लीत कधी कावीळ वगैरे झाली होती?"

"झालती ना, मॅडम," चिमाजी खालून म्हणाला. "आठ सालामागं. चार-पाच जणांना झालती. त्या पुतळाबाईचा पोरगा चाळीस दिवस दवाखान्यात व्हता. आन् ह्यांची..."

तो थांबला. हातातलं फावडं त्यानं उगाच गाळात रोवलं.

"यांची काय?" मॅडमनी विचारलं.

"पोरगी," जमील म्हणाला. "पोटात आठ महिन्यांचं होतं."

मॅडमच्या हातातला टॅब हळूच खाली आला. त्यांना तारेचं काही माहीत नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "चाचा, सावलीत बसा तुम्ही."

जमील बसला नाही. त्याचे पाय जिथं होते तिथंच राहिले. गल्लीतली एक बाई विचारून गेली, चाचा, आज पाणी हाय का? त्यानं मान हलवली, होय का नाही ते त्याचं त्याला कळलं नाही.

अर्ध्या तासात मनोज मोटारसायकलवर आला. खड्ड्यात बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि जमीलचा हात धरून त्याला रिक्षा स्टँडच्या सावलीत नेलं.

"कोणी बांधलं ते?"

"मी."

मनोजनं डोळे मिटले. "हे बघा चाचा. मी ऐकलं नाय. चिमाजीला सांगतो, नवा जोड टाकून आत्ताच्या आत्ता खड्डा बुजव. गटार सिमेंटनं लिंपून घेऊ. मॅडमना दुसऱ्या ठिकाणी खड्डा दाखवू, तुमच्या मशिदीपाशी लाईन चांगलीच असंल."

"पन पुढं?"

"पुढं काय? ही गल्ली धरली तर शेजारची कोष्टी गल्ली धरावी लागंल, एकाच टायमाला टाकलेली लाईन. मग खर्च वाढतो, मग फाईल परत. तिसऱ्यांदा परत आली तर सतरा गावं आपल्याला सोडून पुढं जातील, चाचा. एका गल्लीपायी अख्ख्या गावाचं पाणी घालवायचं का?" त्यानं आवाज खाली आणला. "आन् दूषित लिहिलं की चौकशी लागंल. कुणी बांधलं, कधी बांधलं. दीड वर्स राहिलंय तुमचं. कशाला?"

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर अवघड होतं.

"मॅडमच्या कागदावर माहिती देणाऱ्याची सही लागते," जमील म्हणाला. "माझी. उद्या करतो. आज खड्डा उघडा राहू द्या."

घरी आला तेव्हा तीन वाजले होते. ताहेरा ओसरीत चरख्यावर कांड्या भरत बसली होती. येवल्याचा माणूस आठवड्याला रेशीम आणून द्यायचा, विणकरांसाठी ती कांड्या भरून द्यायची. चरखा फिरत होता, बोटांतून जांभळा धागा जात होता. त्याला बघून ती उठली, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि पुढं केलं.

जमीलनं पेला घेतला. तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"काय झालं? उन्ह लागलं का?"

"नको. तू पन पिऊ नको. माठ ओतून दे."

"आठ दिवसांचं पाणी ओतून देऊ? डोकं फिरलं का तुमचं?"

मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. ट्यूब, तार, गटार, मॅडम काय म्हणाल्या ते. सांगताना तो भिंतीकडं बघत होता. शब्द संपले तरी ताहेराचं काही ऐकू येईना म्हणून त्यानं मान वळवली.

ताहेरा पुन्हा चरख्याशी बसली होती. हात दांड्यावर होता, पण चाक फिरत नव्हतं.

"कुठला रोजा होता?" तिनं विचारलं.

"आं?"

"तुम्ही बांधलं तो. कितवा रोजा?"

"चौथा. नायतर पाचवा."

"आणि ती आली पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी." ती बोटांवर मोजत होती. "म्हणजे आली तेव्हा चांगली होती."

जमील पुन्हा भिंतीकडं बघायला लागला.

"चांगली होती ना? सांगा की. डोळे पांढरे होते ना तिचे? मीच म्हणत होते रंग उतरून आलीय, सासरी उपाशी ठेवली, झऱ्याचं गढूळ पाणी पाजलं. मीच म्हणत होते ना?"

"तुला काय माहीत होतं."

"ती मला म्हणाली होती." ताहेराचा आवाज एकदम लहान झाला. "अम्मी, पाण्याला वास येतोय. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, पोटुशीला सगळ्याचाच वास येतो. पी, म्हटलं. पेला धरून बसले तिच्यापुढं, ती प्याल्याशिवाय उठले नाही."

तिनं दांडा सोडला. दोन्ही तळहात उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाचे हात तिच्या मांडीवर आणून ठेवलेत. रडली नाही. जमीलला वाटलं, ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तो वाट बघत उभा राहिला.

"आठ वर्षांत तुम्हाला एकदाही आठवलं नाही?"

"नाय."

"त्याच्यावरून रोज जाता."

"नाय आठवलं, ताहेरा. कुराणावर हात ठेवून सांगतो."

"नका ठेवू," ती म्हणाली.

सांज होईपर्यंत ती तशीच बसून होती. मग उठून तिनं माठ मोरीत ओतला, घासला, उपडा घातला. दोन कळशा, पिंप, हंडा, घरात होतं नव्हतं ते सगळं पाणी ओतलं. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय गं, काय वाहतंय एवढं? दोघंही त्या दिवशी जेवली नाहीत.

सकाळी खड्ड्याभोवती गल्ली गोळा झाली होती. वास सुटला होता आणि बोभाटाही. मॅडम आल्या, मनोज आला. चिमाजी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता, त्याच्याजवळ पिशवीत नवा जोड होता. मनोजनं जमीलला डोळ्यानं खुणावलं, उरकून घ्या.

मॅडमनी कागद पुढं केला. "चाचा, इथं लाईनची स्थिती लिहायचीय. तुम्ही सांगाल ते लिहिते."

"लिहा," जमील म्हणाला. "गटाराचं पाणी नळात जातंय. आठ वर्सांपासून."

"चाचा," मनोज म्हणाला.

"आन् लिहा, जोड सुटला तेव्हा ट्यूब बांधली ती पाणी सोडणाऱ्या जमीलनं. ईदपर्यंत म्हणून बांधली. परत बघितलं नाय."

आधी कुणाला कळलं नाही. मग बायकांच्या घोळक्यातून पुतळाबाई पुढं आली. साठीची, कोपऱ्यावरच्या घरात राहणारी. तिचा मुलगा त्या वर्षी चाळीस दिवस दवाखान्यात होता, वाचला, पण अंगात जीव राहिला नाही. आता पिठाच्या गिरणीत बसून असतो.

"तू बांधलं व्हतंस?" तिनं विचारलं. अठ्ठावीस वर्षं तिनं त्याला भाऊ म्हटलं होतं. रक्षाबंधनाला दोनदा राखीही बांधली होती.

"व्हय, पुतळाबाई."

"मी शहराच्या डाक्टरला दोष देत हुते," ती म्हणाली. "उसाच्या रसवाल्याला दोष देत हुते. त्याच्या गाडीवर दगूड मारला मी. गाव सोडून गेला तो." ती जमीलच्या अगदी जवळ आली. त्याला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण तिनं नुसतं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, पहिल्यांदा बघावं तसं, आणि वळून घरात गेली. दार लावल्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

मॅडमनी कागद पुढं केला. जमीलनं सही केली. नाव ओळीच्या बाहेर गेलं.

पंधरा दिवसांत त्याला घरी बसवल्याचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. चावी त्यानं ऑफिसात नेऊन भिंतीला टेकवून ठेवली. मनोजनं खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाला, "दोन्ही गल्ल्या धरल्यात. मॅडमनी आराखड्यातनं टाकीभोवतीची भिंत काढली, बाजारतळावरचं कारंजं काढलं आन् खर्च बसवला. फाईल गेलीय. आता वरच्यांच्या हातात." गल्लीला तोवर टँकर लागला. बायका जमीलच्या दारावरून भरल्या कळशा घेऊन जायच्या, कुणी बोलायचं नाही. चिमाजी मात्र एका सकाळी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "नवा पोरगा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवून बसला. मान तुटली." जमीलला हसू आलं नाही.

ताहेरा घरात कामापुरतं बोलायची. मुलगा मुबीन सातपूरला कारखान्यात होता, त्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, अम्मी, तू इकडं ये. ती म्हणाली, आधी मला दुसरीकडं जायचंय. फोन ठेवून ती जमीलकडं वळली.

"घोटीला जायचं. तुम्ही पण चला. तुमच्या तोंडानं सांगायचं."

घोटीला इन्शाचं सासर. जावई शाहनवाज भाताच्या गिरणीत कामाला. इन्शाच्या मय्यताच्या दिवशी तो आणि त्याची आई धामणखेड्याला आले होते, तेव्हा ताहेरानं भरल्या अंगणात त्या बाईचा पदर धरला होता. तुम्ही मारली माझी पोर. पोटुशीला डोक्यावर हंडे दिलेत, घाण पाणी पाजलंत, मरायला माहेरी धाडलीत. बाई नुसती नाही नाही म्हणत राहिली. लोकांनी सोडवलं. त्यानंतर शाहनवाज दर ईदला फोन करायचा आणि ताहेरा तो घ्यायची नाही. जमील घ्यायचा, दोन शब्द बोलून ठेवून द्यायचा. बायकोला चूप म्हणायला तो त्या दिवशी पुढं आला नव्हता. त्यालाही तेच खरं वाटत होतं.

येवल्याहून नाशिक, नाशिकहून घोटी. एसटीत ताहेरा खिडकीशी बसली. दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली होती, नाशिकच्या स्टँडवर विकत घेतलेली. ती कुणीच उघडली नाही.

गिरणी बाजाराच्या मागं होती. आत मशीनचा घरघराट आणि हवेत कोंडा. शाहनवाज पोती लावत होता. पस्तिशीचा, पण कोंड्यानं केस, भुवया, सगळं पांढरं झालेलं. दारातली माणसं ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर पाठीवरचं पोतं त्यानं खाली टाकलं नाही, हळू ठेवलं. बाहेर आला. सलाम केला.

"बसा, खाला," तो ताहेराला म्हणाला, सासूला तो मावशीच म्हणायचा, आणि अंगातल्या सदऱ्यानं बाकडं पुसलं.

ती बसली नाही. तिनं जमीलकडं बघितलं.

जमीलनं सांगितलं. आता तिसऱ्यांदा सांगत होता, तरी शब्द पहिल्यांदाच जुळवत असल्यासारखे अडत होते. मशीनच्या आवाजात मध्येच ऐकू जायचं नाही, मग मोठ्यानं परत सांगावं लागायचं. मी बांधलं. मी. गटाराचं पाणी. तुमच्या घरी काही झालं नव्हतं. ती आली तेव्हा चांगली होती.

शाहनवाज ऐकत होता. ऐकताना तो हातावरचा कोंडा झटकत होता, झटकून झाला तरी झटकत होता.

"अम्मा कुठंय तुझी?" ताहेरानं विचारलं. "त्यांच्यापुढं सांगायचंय मला."

"अम्मा गेली," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली."

"तुम्ही त्या दिवशी बोललात ते मी खरं धरलं, खाला," शाहनवाज म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता अचंबा होता. कुठली तरी गोष्ट पहिल्यांदाच दिसल्यासारखा तो बोलत होता. "मी गिरणीत असायचो दिवसभर. घरात काय होतं मला काय माहीत? म्हटलं, इन्शाच्या आईला सांगितलं असंल तिनं. मी वेगळी खोली घेतली. अम्मा एकटी राहायची. पैसे द्यायचो, पन तिच्या हातचं कधी खाल्लं नाय. सहा वर्सं. दुसऱ्या लग्नाला तिला मागं बसवलं. शेवटी आजारी होती तेव्हा रोज जायचो, ती रोज एकच विचारायची. मी काय केलं होतं रे तिला? मी भिंतीकडं तोंड करून बसायचो."

ताहेरा बाकड्यावर बसली. जमील तिला धरायला पुढं झाला, तिनं त्याचा हात बाजूला केला. आतल्या माणसानं मशीन बंद केलं आणि एकदम एवढं शांत झालं की रस्त्यावरच्या कोंबड्यांचा आवाज आला.

"मला कुणीच काही सांगितलं नव्हतं," ताहेरा म्हणाली. "इन्शानं नाही. कुणीच नाही. मी मनानंच बोलले. तोंडाला आलं ते बोलले."

शाहनवाजनं मान हलवली. कळलं, एवढंच.

"कुठं ठेवलंय त्यांना?" ताहेरानं विचारलं.

तिघं निघाली. बाजार ओलांडून, भाताच्या रिकाम्या खाचरांच्या कडेनं. उन्हानं जमिनीला हात हात भेगा पडल्या होत्या. कब्रस्तानच्या फाटकाशी जमील थांबला. बायका आत जात नाहीत, ताहेरानं उभ्या जन्मात कधी असं केलं नव्हतं. इन्शाच्या कबरीवरही ती गेली नव्हती. तो म्हणाला, "तू इथं थांब, आम्ही फातेहा पढून येतो."

ती थांबली नाही. चपला काढल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि फाटकातून आत गेली. तापलेल्या मातीत पाय भाजत असणार, तिनं पाऊल आखडलं नाही.

"कोणती?"

शाहनवाजनं बोट केलं. मातीचा उंचवटा, वर वाळलं गवत, डोक्याशी एक साधा धोंडा. ताहेरा त्याच्याशी जाऊन बसली. दोन्ही हात मातीवर टेकले. मग बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी खणखणीत आवाजात बोलली.

"मी ताहेरा, तुमची विहीण. धामणखेड्याची. तुम्ही तिला काही केलं नव्हतं."

वारा पडलेला होता. शाहनवाज तिच्या मागं उभा होता. त्याच्या अंगाला बारीक कापरं सुटलं होतं, आणि त्या कापऱ्यानं कोंडा आपोआप खाली झडत होता.

"अजून एकदा सांगा, खाला," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.